फोटोत उजवा गुडघा खराब, आणि दुखतो डावा!

कृष्णाकाठची लेक

नमस्कार मंडळी. आईबद्दल विचारायचंय. जाणकारांनी कृपया सांगावं.

आई ६८ वर्षांची, राहते जयसिंगपूरला. रक्तदाबाची गोळी सोडली तर बाकी काही नाही, साखर नाही, वजनही बेताचं. गेल्या दिवाळीपासून डावा गुडघा दुखतोय. मंडईतून पिशवी घेऊन घरी येताना मध्येच कुणाच्या तरी कट्ट्यावर टेकावं लागतं. रात्री कुशीवर वळताना कळ येते. निर्गुडीच्या पाल्याने शेकून झालं, तेल झालं, शेजारच्या काकूंनी दिलेला पट्टाही झाला.

मध्यंतरी आमच्याकडे हाडांच्या तपासणीचं मोफत शिबिर होतं. तिथं दोन्ही गुडघ्यांचे फोटो काढले. रिपोर्टात लिहिलंय, दोन्ही गुडघ्यांत झीज, उजवीकडे ग्रेड ३ आणि डावीकडे ग्रेड २. तिथल्या डॉक्टरांनी फोटो उजेडाकडे धरला आणि म्हणाले, उजव्याचं वंगण संपत आलंय, वाटी बदलावी लागेल, उजवा आधी करू आणि डावा वर्षभराने बघू. आई म्हणाली, "अहो, पण उजवा दुखतच नाही." त्यावर उत्तर आलं, "आज दुखत नाही, उद्या दुखेल."

आईने घरी येऊन रिपोर्ट फ्रिजवर ठेवला आणि भाकरी थापायला बसली. पण माझ्या डोक्यातून ते जात नाही. फोटोत जास्त खराब दिसणारा गुडघा गप्प बसतो आणि कमी खराब असलेला बोंबलतो, असं असतं का? की फोटो घेताना डावं-उजवं बदललं असेल? एमआरआय करावा का? भाऊ म्हणतो, करून टाकू या सगळं एकदाच, पैशाचं मी बघतो. मला ते पटत नाही, पण पटत नाही म्हणजे नेमकं काय, ते सांगताही येत नाही.

सडेतोड

ताई, फार विचार करू नका. माझ्या सासूबाईंचे दोन्ही गुडघे एकदम केले, आता नातवाच्या मागे पळतात. सांध्याच्या किमतीवर २०१७ पासून सरकारने मर्यादा घातलीय, तेव्हा पूर्वीसारखं लुटणंही नाही. ग्रेड ३ म्हणजे शेवटून दुसरी पायरी. वय वाढल्यावर करण्यापेक्षा आता केलेलं बरं.

डार्करूम

ताई, मी डॉक्टर नव्हे. मिरजेत एक्स-रे टेक्निशियन म्हणून आयुष्य गेलं, आता निवृत्त. ओल्या फिल्मा क्लिपांना लटकवून वाळवण्यापासून ते कॉम्प्युटरवर चित्र उमटेपर्यंत सगळे जमाने पाहिले. त्यामुळे औषधाचं मी बोलणार नाही, फोटोचं तेवढं बोलतो. थोडं लांबेल.

डाव्या-उजव्याची शंका रास्त आहे. फिल्मवर शिशाचं अक्षर उमटलेलं असतं, उजव्यासाठी आर, डाव्यासाठी एल. ते आधी बघा. अक्षर फोटोतच उमटलेलं असेल तर भरवसा ठेवायला हरकत नाही. नंतर पेनाने लिहिलं असेल तर मात्र मी ठेवणार नाही.

आता दुसरं. फोटो उभं करून काढला की झोपवून? हे विचारा, कारण गुडघ्याच्या फोटोत सगळी मेख इथं आहे. हाडांच्या टोकावर जी गादी असते, जिला डॉक्टर कूर्चा म्हणतात, ती एक्स-रेत दिसतच नाही. दिसते ती दोन हाडांमधली काळपट पट्टी. पट्टी रुंद तर गादी शाबूत, अरुंद तर घासलेली, असा अंदाज बांधायचा. माणूस झोपलेला असेल तर सांध्यावर वजन नसतं आणि पट्टी खऱ्यापेक्षा रुंद दिसू शकते. उभं केलं की खरं काय ते बाहेर येतं. गुडघा थोडासा वाकलेला राहिला किंवा एक्स-रे सोडणाऱ्या नळीचा कोन जरा बदलला तरी तीच पट्टी कमी-जास्त दिसते. दोन वेगळ्या लॅबमधले फोटो शेजारी धरून "बघा, वर्षात गॅप किती कमी झाला" म्हणणारी माणसं मी ढिगाने पाहिलीत. कित्येकदा कमी झालेला असतो फक्त नळीचा कोन. शिबिरात पोर्टेबल मशिन, बाहेर रांग, त्यामुळे झोपवून उरकतात. तेव्हा तुमच्या ग्रेड २ आणि ग्रेड ३ मधला फरकही मी जरा हात राखूनच घेईन.

ग्रेड हा शब्द ऐकला की लोकांना कॅन्सरची स्टेज आठवते आणि पोटात गोळा येतो. ती मोजपट्टी १९५७ साली मँचेस्टरच्या केलग्रेन आणि लॉरेन्स या दोन डॉक्टरांनी बनवली. शून्य ते चार. कडेला हाडाची टोकं वाढलीत का, पट्टी अरुंद झालीय का, गादीखालचं हाड पांढरं घट्ट झालंय का, आकार बिघडलाय का, एवढं बघून आकडा द्यायचा. दुखतं किती, चालता येतं किती, हे त्यात कुठंही नाही. पाहण्या करायच्या तर सगळ्यांनी एकाच मापाने फोटो वाचावेत म्हणून ती पट्टी. ऑपरेशन कुणाचं आधी करायचं हे ठरवायला ती बनवलेली नाही. शिवाय एकच फोटो दोन रेडिऑलॉजिस्टना दाखवा, एक दोन म्हणेल, एक तीन. आमच्या सरांनाच सकाळी एक आकडा आणि जेवणानंतर दुसरा देताना पाहिलंय.

आता मी प्रत्यक्ष बघितलेलं सांगतो. एक भाजीवाल्या मावशी आल्या होत्या, हातगाडी पायावर गेली म्हणून. पाऊल बघायचं होतं, पण कागदावर गुडघाही लिहिला होता, तोही घेतला. सांध्यातली पट्टी केसाएवढी, कडेला हाडाचे काटे आलेले. मी विचारलं, मावशी, गुडघा किती वर्षं दुखतोय? म्हणाल्या, "गुडघ्याला काय धाड भरलीया? पायाचं बघा." त्याच आठवड्यात बँकेतला एक तरुण पोरगा आला, जिना चढता येईना, फोटो मात्र पुस्तकात छापावा असा. अशा जोड्या मी आयुष्यभर बघितल्या.

कारणही तसं साधं आहे. गादीला मज्जातंतूच नसतात, ती स्वतः दुखू शकत नाही. दुखतं ते खालचं हाड, सांध्याचं आतलं अस्तर, भोवतालची पिशवी आणि आजूबाजूचे स्नायू-कंडरे. यातलं फक्त हाड एक्स-रेत नीट दिसतं, आणि त्या हाडाच्या आत सूज असेल तर तीही दिसत नाही. म्हणजे जे दुखतं त्यातलं बरंच फोटोत येत नाही, आणि फोटोत येतं ते दुखलंच पाहिजे असं नाही.

पण थांबा. हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर जे फिरतं, की फोटोचा आणि दुखण्याचा काडीचाही संबंध नाही, तेही मला पटत नाही. माणसामाणसांची तुलना केली की संबंध पुसट होतो, कारण एकाची सोसण्याची ताकद वेगळी, दुसऱ्याची झोप उडालेली, तिसऱ्याला दिवसभर उकिडवं बसून काम. २००९ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी डोकं लढवलं. त्यांनी अशी माणसं घेतली ज्यांचा एक गुडघा दुखतो आणि दुसरा दुखत नाही, आणि एकाच माणसाचे दोन गुडघे एकमेकांशी ताडून पाहिले. माणूस तोच, झोप तीच, मन तेच. तेव्हा दिसलं की फोटोत जास्त खराब असलेला गुडघाच सहसा दुखणारा निघतो, आणि ग्रेड चढेल तसा हा संबंध पक्का होत जातो.

आता हे तुमच्या आईंना लावून बघा. माणूस एकच, गुडघे दोन, आणि दुखतोय तो फोटोत बरा असलेला. नेहमीपेक्षा उलटं. मला यावरून शंका येते की डाव्या गुडघ्यात जे दुखतंय ते कदाचित गुडघ्याचं नसेल.

म्हणून काही विचारतो, सवड मिळेल तेव्हा कळवा. खुर्चीत बसून त्यांना डावा पाय पूर्ण सरळ करता येतो का, टाच मागे घेता येते का? मांडी घालून बसता येतं का? डाव्या पायाची नखं कोण कापतं? जांघेत कधी ओढल्यासारखं होतं का?

कृष्णाकाठची लेक

काका, तुम्ही नखांचं विचारलंत आणि मी चमकलेच. डाव्या पायाची नखं गेल्या काही महिन्यांपासून माझी वहिनी कापते! उजव्याची आई स्वतः कापते. आम्हाला वाटलं गुडघा वाकत नाही म्हणून. काल मुद्दाम बघितलं. खाटेवर बसून डावा गुडघा छान दुमडतो, सरळही होतो, कुरकूर नाही. पण मांडी घालायला सांगितलं की डावी मांडी खाली जातच नाही, गुडघा वरच्या वर राहतो. पूजेला बसायचं तिने सोडलंय, स्टूल घेते. भाकऱ्याही आता ओट्याशी उभी राहूनच, परवा खाली बसली होती तर मला हाक मारून उठवायला लावलं. जांघेचं विचारलं तर म्हणाली, "तिथं काही नाही, गुडघ्यातच आहे. कधीतरी मांडीत पुढून कळ उतरते तेवढं."

फोटोवर आर आणि एल दोन्ही उमटलेले आहेत. आणि हो, झोपवूनच काढला होता. आईला चांगलं आठवतंय, कारण टेबल गार होतं.

डार्करूम

ताई, मग खुबा दाखवा. गुडघ्याच्या डॉक्टरांकडेच जा, तेच खुबाही बघतात, पण "गुडघा दुखतो" एवढंच सांगून थांबू नका. नखं आणि मांडी हे दोन्ही सांगा.

रमा मँचेस्टर

मी इथं इंग्लंडमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे, मूळची साताऱ्याची. डार्करूम काकांनी नेमकं बोट ठेवलंय. खुब्याचा सांधा खराब झाला की काही जणांना दुखणं फक्त गुडघ्यात जाणवतं. ऑब्च्युरेटर नावाची नस खुब्यालाही फांदी देते आणि गुडघ्यालाही, त्यामुळे तक्रार कुठून आली याचा मेंदूला पत्ताच नीट लागत नाही.

आणि गंमत बघा. काकांनी ज्या केलग्रेनचं नाव घेतलं, त्याने एक्स-रेच्या ग्रेडच्या वीसेक वर्षं आधी याच विषयावर काम केलं होतं. १९३८-३९ साली लंडनला असताना तो धडधाकट माणसांच्या स्नायूंत आणि अस्थिबंधांत, स्वतःच्याही, खारट पाण्याची इंजेक्शनं द्यायचा आणि दुखणं कुठं कुठं उमटतं त्याचे नकाशे काढायचा. टोचलं एकीकडे, दुखलं भलतीकडेच. फोटोच्या आकड्यावर सगळा हवाला ठेवू नये हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत असणार!

डॉक्टर काय तपासतील ते सांगते, म्हणजे आई घाबरणार नाहीत. पाठीवर झोपवून पाय खुब्यात आणि गुडघ्यात काटकोनात दुमडतात आणि पाऊल हळूच बाहेरच्या बाजूला नेतात. त्याने मांडीचं हाड खुब्यात आतल्या बाजूला फिरतं. खुबा बिघडलेला असेल तर ही हालचाल लवकर अडते, आणि नेहमीचं ओळखीचं दुखणं उमटतं. घरी करून बघू नका, जोर लावला जातो.

इथं आम्हाला नाइस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचना पाळाव्या लागतात. त्यात म्हटलंय की वय ४५ किंवा जास्त, हालचालीबरोबर दुखणं, आणि सकाळचा ताठरपणा नाही किंवा अर्ध्या तासापेक्षा जास्त टिकत नाही, तर झिजेच्या संधिवाताचं निदान एक्स-रे न काढताही करावं. माझ्याकडे येणाऱ्या भारतीय काकूंना हे ऐकून राग येतो. "साधा फोटोसुद्धा नाही काढला!" म्हणतात. पण फोटोने निर्णय बदलणार असेल तरच तो काढायचा. तुमच्या आईंच्या बाबतीत बदलेल, म्हणून कमरेचा आणि खुब्याचा काढायलाच हवा, गुडघ्याचाही उभं करून.

एक सावधगिरी मात्र. खुब्याचा फोटोसुद्धा एकटा पुरत नाही. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या लोकांची पाहणी २०१५ साली आली. ज्यांचा खुबा वारंवार दुखतो त्यांच्यातल्या सुमारे १६ टक्क्यांच्याच फोटोत झीज होती, आणि फोटोत झीज असलेल्या खुब्यांपैकी सुमारे २१ टक्केच वारंवार दुखत होते. म्हणून पाय फिरवल्यावर जे दुखणं उमटतं ते आधी, फोटो मागाहून.

अर्धशतकवीर

धाग्यात घुसतोय, माफी असावी. वय ५२, रविवारी क्रिकेट. उजवा गुडघा आतल्या बाजूने दुखतो म्हणून एमआरआय केला. मेनिस्कस, म्हणजे दोन हाडांमधली चकती, फाटलाय, गादीला चिरा आहेत, हाडाची टोकं वाढलीत, रिपोर्ट दीड पान. दुर्बिणीने साफ करून घ्या असा सल्ला मिळालाय. एक्स-रे नॉर्मल होता. एमआरआयमध्ये तरी सगळं खरं दिसतं ना?

रमा मँचेस्टर

दिसतं, आणि जरा जास्तच दिसतं. त्याच फ्रेमिंगहॅममध्ये ५० वर्षांपुढच्या ७१० माणसांचे गुडघे तपासले होते, ज्यांचा एक्स-रे स्वच्छ होता अशांचेच. एमआरआयमध्ये ८९ टक्क्यांना काही ना काही निघालं. ज्यांना अजिबात दुखत नव्हतं त्यांच्यातही हे प्रमाण ८६ ते ८८ टक्के. ती पाहणी २०१२ची. त्याआधी २००८ साली फाटलेल्या मेनिस्कसबद्दल आलं होतं: फाटलेला निघालेल्यांपैकी ६१ टक्के लोकांना मागच्या महिनाभरात गुडघ्यात दुखणं, ठणका, ताठरपणा काहीच नव्हतं.

दुर्बिणीबद्दल २०१३चा फिनलंडमधला प्रयोग वाचा. झिजेमुळे मेनिस्कस फाटलेले १४६ रुग्ण, गुडघ्यात झिजेचा संधिवात नसलेले. अर्ध्यांचा मेनिस्कस खरोखर छाटला, अर्ध्यांचं नुसतं नाटक केलं, म्हणजे दुर्बीण आत घातली पण छाटलं काहीच नाही. कुणाला कुठलं हे रुग्णाला ठाऊक नाही. वर्षभराने दोघांत म्हणण्याजोगा फरक नव्हता. गुडघा मध्येच अडकून सरळच होत नसेल किंवा खेळताना पीळ बसून ताजा फाटला असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा डॉक्टरांना लगेच दाखवा. नाहीतर आधी काही आठवडे मांडीच्या स्नायूंचा व्यायाम नेटाने करा.

एमआरआयमध्ये दुखण्याशी बऱ्यापैकी जुळणाऱ्या गोष्टी म्हणजे गादीखालच्या हाडातली सूज आणि सांध्याच्या अस्तराची सूज. रिपोर्टाच्या दीड पानात त्या आहेत का, तेवढं बघा. बाकीचं बरंचसं तुमच्या वयाच्या न दुखणाऱ्या शेजाऱ्याच्या गुडघ्यातही सापडेल.

अर्धशतकवीर

शेजारी माझ्यापेक्षा वाईट बॅटिंग करतो, एवढंच समाधान. धन्यवाद.

पहाटतारा

सगळे "फोटोवर जाऊ नका" म्हणतायत म्हणून दुसरी बाजू मांडते. मला आमवात आहे, म्हणजे रूमेटॉइड. दोन्ही हातांची बोटं सुजायची, सकाळी दीड-दोन तास मूठ वळायची नाही, चहाचा कपही धरवत नसे. हातांचा फोटो नॉर्मल आला आणि मला सांगण्यात आलं की काही नाही, ताण घेऊ नका. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी रक्त तपासलं तेव्हा कळलं. या आजारात फोटोत हाड कुरतडलेलं दिसतं ते पुष्कळ उशिरा, आणि औषध त्याच्या आधी सुरू व्हावं लागतं, हाड वाचावं म्हणून. माझं मेथोट्रेक्सेट वेळेत सुरू झालं, हात वाचले. तेव्हा नॉर्मल फोटोवरही जाऊ नका.

डार्करूम

पहाटतारा ताईंचं अगदी खरं. २००६ साली चिकनगुनियाची साथ आली तेव्हा आमच्या खिडकीशी रांग असायची. ताप उतरलेला, माणूस मात्र म्हाताऱ्यासारखा चालतोय, मनगट-घोटे धरलेले. फोटो एकजात स्वच्छ. कुणी म्हणावं की यांचं दुखणं खोटं?

अवांतर: भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या पुण्याच्या मंडळींनी १९९६ साली घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने. १८ टक्क्यांच्या आसपास मोठ्या माणसांना हाडा-स्नायूंचं दुखणं निघालं. मला त्यातली आवडलेली गोष्ट अशी की सुरुवात फोटोने केलीच नव्हती. दारात उभं राहून आधी विचारायचं, दुखतं का, कुठं दुखतं, काय करायचं अडतं. तपासणी त्यानंतर. दवाखान्यात हल्ली हा क्रम उलटा झालाय. माणूस आत येण्याआधी त्याची फिल्म टेबलावर येते, मग विचारण्यासारखं काही राहतच नाही असं वाटतं.

सडेतोड

काका, मान्य. पण मग ऑपरेशन कुणाचं करायचंच नाही का? आमच्या सासूबाई खरंच बऱ्या झाल्या.

डार्करूम

होणारच की. त्यांचे गुडघे दुखत होते, चालणं बंद होतं, व्यायाम-औषधं करून झालेली, आणि फोटोही तसाच खराब. सगळ्या गोष्टी एका दिशेला बोट दाखवत होत्या. अशा माणसाला नवा सांधा म्हणजे नवं आयुष्य. इथं दुखणं डावीकडे बोट दाखवतंय आणि फोटो उजवीकडे. भांडण लागलं की सुरी बाजूला ठेवावी.

कृष्णाकाठची लेक

उशिरा कळवतेय, परीक्षांचे पेपर तपासणं चालू होतं.

सांगलीला दाखवलं. डॉक्टरांनी फोटो बाजूला ठेवले, आधी आईला दारापर्यंत चालायला लावलं. मग झोपवून रमाताई म्हणाल्या तसं डावं पाऊल बाहेर नेलं. आईने दोन्ही हातांनी डावा गुडघा धरला आणि ओरडली, "हेच! हेच दुखतं!" डॉक्टरांचा हात गुडघ्याला लागलाही नव्हता. उजवीकडे तसंच केलं, काही नाही. गुडघे दाबून, वाकवून बघितले, दोन्ही शांत.

मग फोटो काढले. डाव्या खुब्यात वरच्या बाजूची पट्टी अरुंद झालीय. गुडघे उभं करून काढले तरी उजवा ग्रेड ३, डावा ग्रेड २, म्हणजे शिबिरातला आकडा तसा चुकीचा नव्हता. खात्री करायची म्हणून डॉक्टरांनी सोनोग्राफीत बघून खुब्याच्या सांध्यात बधिर करायचं इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, जा, फिरून या. आई जिना उतरून गेटपर्यंत गेली, परत आली, आणि गुडघा दुखला नाही. काही तासांनी औषध उतरलं तसं दुखणं परत आलं, पण उत्तर मिळालं.

आता कमरेच्या आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, खाली बसणं बंद, खुर्ची उंच. रक्तदाब असल्यामुळे पेनकिलर जपून आणि विचारूनच. यानेही चालणं कमीच होत गेलं तर खुब्याचं ऑपरेशन, पण ते पुढे, घाई नाही. उजव्या गुडघ्याचं काय करायचं विचारलं तर म्हणाले, काही नाही, मांडीचा व्यायाम तसाही होणारच आहे. भावाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, म्हणजे आपण न दुखणारा गुडघा कापून घेणार होतो? मी म्हटलं, हो, आणि दुखणारा खुबा तसाच राहिला असता.

आता एकच अडलंय. डॉक्टरांनी काठी वापरायला सांगितलीय आणि आई ऐकत नाही. म्हणते, हातात काठी दिसली की मंडईत भाव पाडून मागता येत नाही, बायका दया करतात. आणि डावा दुखतो तर काठी डाव्या हातात नको का? डॉक्टर उजव्या म्हणाले, मी नीट ऐकलं ना?

रमा मँचेस्टर

बरोबर ऐकलंत, उजव्याच हातात. डाव्या पायावर भार आला की डाव्या खुब्याच्या बाजूचे स्नायू कंबर तोलून धरायला जोर लावतात, आणि त्या जोराचाच सांध्यावर मोठा दाब पडतो. उजव्या हातातली काठी कंबरेला पलीकडून टेकू देते, स्नायूंना तेवढं खेचावं लागत नाही. डावा पाय टाकताना काठीही बरोबरच पुढे टेकायची. डाव्या हातात धरली तर हा फायदा फारसा मिळत नाही, पण लोक हमखास तशीच धरतात.

डार्करूम

उंचीचंही बघा. रोजची चप्पल घालून आईंना सरळ उभं करा, हात सैल सोडायला सांगा, काठीची मूठ मनगटाच्या घडीपाशी आली पाहिजे. दुकानात हाताला लागेल ती उचलून आणतात आणि मग खांदा दुखतो म्हणून फोटो काढायला येतात. खाली रबराचं बूच असू द्या, घासलं की बदला. मंडईत भाव पाडण्याचं म्हणाल तर पिशवीही तिथं न्यायचीच आहे, चाकांची ट्रॉली घ्या म्हणावं. ती डाव्या हाताने ओढली तर काठी उजव्या हाताला मोकळी राहते, आणि ट्रॉलीवालीला दया कुणी दाखवत नाही.

कृष्णाकाठची लेक

ट्रॉलीला आई तयार झाली. काठीचं अजून "बघू" चाललंय.